राधाकृष्णाच्या हिरव्या टोप्या

नेवाशाच्या बाजारपेठेत पोपटशेठच्या कापडदुकानात राधाकृष्ण वीसेक वर्षं गादीवर बसत होता. गादीवर बसत होता म्हणून मालक नव्हे. गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडायचं, साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची आणि बाया न घेता उठून गेल्या की मुकाट घड्या घालायच्या, हे त्याचं काम. धंदा काय म्हणून कुणी विचारलं तर तो सांगायचा, तोंडाचा. बाकीचे अवयव देवानं नुसते भरतीला दिलेत, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं आणि ते तो कुणापासून लपवत नसे.

या मताला पुरावाही होता. त्याचे वडील कारभारी हे हाडाचे शेतकरी. पोराला मिरचीच्या वावरात धाडताना ते बजावायचे, तांबडी तेवढी तोड, हिरवी राहू दे. राधाकृष्ण पाटी भरून आणायचा ती मिसळीची. पहिल्यांदा मार बसला. दुसऱ्यांदा जास्त बसला. तिसऱ्या खेपेला कारभारींनी मारलंच नाही. पाटीकडं बघत ते ओट्यावर बसून राहिले आणि म्हणाले, ह्याला वावरात ठिवलं तर वावर इकावं लागंल. त्याच महिन्यात पोरगं पोपटशेठच्या वडिलांकडं झाडलोटीला लागलं. राधाकृष्ण ही हकिकत मोठी रंगवून सांगायचा. भावांना जमीन मिळाली, मला मिरच्यांनी दुकान दिलं, असा शेवट करायचा, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायचा.

रंगांचा घोळ दुकानातही सुटला नाही. पण तिथं त्याला एक शोध लागला. एकदा दोघी जावा एकाच साडीवरून भांडत होत्या. एक म्हणत होती आमसुली, दुसरी म्हणत होती वांगी, आणि पोपटशेठ गल्ल्यावरून सांगत होते की जांभळाच, फक्त जरा दबलेला. पोरसवदा राधाकृष्ण तिघांच्या तोंडाकडं बघत राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंग बिंग काही नसतं. माणसं बोलतात. ज्याचं बोलणं ठाम, त्याचा रंग खरा. पिवळा, निळा, काळा, पांढरा एवढं कुणालाही दिसतं. पण डाळिंबी, शेवाळी, विटकरी, कुसुंबी ही सगळी तोंडाची करामत. आपल्याला जमत नाही कारण आपण मठ्ठ, आणि इतरांना जमतं कारण ते धीट.

मग तोही धीट झाला. कुठल्या फळीवर कोणतं ठाण हे शेठनी लावून दिलेलं असायचं, ते त्यानं पाठ केलं. वरच्या फळीवरचं ते डाळिंबी, त्याखालचं शेवाळी. बाईनं साडी अंगाला लावून विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "वहिनी, हा रंग सांगायचा न्हाई, नेसायचा." बाया लाजून हसायच्या आणि साडी खपायची. घरी बायको मुक्ताबाई नवं लुगडं नेसून पुढं आली तरी हाच न्याय. लई खुलतो, म्हणायचं आणि पानाचा डबा उघडायचा.

बहात्तर सालचा फेब्रुवारी महिना. गोरक्षनाथ म्हणून फॉरेस्टातले एक रेंजर निवृत्त होऊन राजूरला राहत होते. भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडं, रतनवाडीच्या मागच्या रानात ते हौशी लोकांना पक्षी दाखवायला नेत. नेवाशात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर विजयमालाबाईंनी त्यांना गाठलं आणि आठ-दहा जणांची सहल ठरवली. डॉक्टरीणबाई, हायस्कुलातले मास्तर, कोर्टातले एक वकील अशी भारदस्त मंडळी निघालेली पाहून पोपटशेठनाही पक्ष्यांची आवड उत्पन्न झाली. नावातच पोपट असताना मागं राहणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. पण शेठना एकट्याला कुठं करमत नसे, म्हणून बरोबर राधाकृष्ण.

रेंजरसाहेबांनी नियम कळवले होते. बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, अत्तर लावायचं नाही आणि भडक कपडा घालायचा नाही. पानात मिसळून जाईल असाच हवा. हे ऐकून शेठना दानत सुचली. दुकानातर्फे सगळ्यांना हिरव्या टोप्या. त्यांनी राधाकृष्णाला सांगितलं, शेवाळी ठाणातलं कापड फाड आणि शेजारच्या शिंप्याकडं दे.

राधाकृष्ण दिवेलागणीला फळीपाशी गेला. डिसेंबरातल्या लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी दिव्यांना गुंडाळलेले काळे कागद शेठनी अजून काढले नव्हते, त्यामुळं दुकानात उजेड असा नव्हताच. पण राधाकृष्णाला उजेडाची गरज कधी पडली होती? वरून दुसरी फळी म्हणजे शेवाळी. त्यानं ठाण ओढलं, कापड फाडलं, नेऊन दिलं. संक्रांतीनंतर शेठनी माल इकडचा तिकडं केला होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. शिंप्यानंही काही विचारलं नाही. निवडणूक तोंडावर आली होती, त्याच्या मशीनवर रोज कुणा ना कुणा उमेदवाराच्या टोप्या चालूच होत्या. आणखी एक उभा राहिला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं शिवल्या, वर्तमानपत्रात बांधल्या, दिल्या.

शनिवारी मंडळी भंडारदऱ्याला मुक्कामाला पोचली आणि रविवारी तांबडं फुटायच्या आत होडीत बसली. पाण्यावर धुकं होतं, थंडी मी म्हणत होती. शेठनी होडीतच मोठ्या थाटात टोप्या वाटल्या आणि सगळ्यांनी कानांवर ओढून घेतल्या. होडी पलीकडं लागली, तोवर उजाडलं. रेंजरसाहेब काठावर उभे होते. काटक, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात दुर्बीण. एकेक जण उतरू लागला तसे ते टोप्यांकडं बघत राहिले.

"आपण पक्षी बघायला आलोय," ते शांतपणे म्हणाले, "पक्षाच्या प्रचाराला नाही."

तेव्हा सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्याकडं पाहिलं. भाजक्या विटेसारख्या लालभडक टोप्या. वकील खो खो हसत सुटले. शेठनी टोपी काढून हातात धरली आणि राधाकृष्णाकडं पाहिलं. राधाकृष्णानंही आपली काढून पाहिली. त्याला ती टोपी आणि तिच्या मागची झाडी यांत भांडण्यासारखं काही दिसेना. पण मंडळींचं एकमत झालेलं होतं आणि एकमताच्या विरुद्ध बोलायची त्याची पद्धत नव्हती. तो म्हणाला, वाळल्या पानाचा रंग मुद्दाम घेतलाय साहेब, जंगलात वाळली पानं असत्यातच की. रेंजरसाहेब म्हणाले, हे रान बारमाही हिरवं आहे. टोप्या पिशव्यांत गेल्या आणि माणसं उघड्या डोक्यानं रानात शिरली.

ते रान राधाकृष्णानं कधी पाहिलं नव्हतं तसलं होतं. नेवाशाकडं झाड म्हणजे बाभळ किंवा लिंब, त्यांच्या आरपार पलीकडचा माणूस दिसतो. इथं जांभळी आणि हिरडे एकमेकांत मिसळून गेलेले, वर वेलींचं छत, बुंध्यांवर शेवाळ, पायाखाली लोण्यासारखी मऊ माती. सकाळ असून दिवे लावावेत असं वाटत होतं. रेंजरसाहेब पुढं, पावलाचा आवाज न करता; मागून बाकीची रांग. ते थांबले की सगळे थांबत. बोट वर करून ते पक्ष्याचं नाव कुजबुजत, दुर्बीण हातोहात फिरे, आणि रांगेतून दबके हुंकार उठत.

राधाकृष्णाला पहिला तासभर एकही पक्षी दिसला नाही. एखादी सावली हले, फांदी खालीवर होई, बस. पण हुंकारात मात्र तो कुणापेक्षा कमी पडला नाही. हे तर आपलंच दुकान, असं त्याला वाटू लागलं. रेंजर म्हणजे शेठ, झाड म्हणजे फळी, ते सांगतील तो माल आहे असं मानायचं आणि मान डोलवायची. तांबट पक्षी दाखवला तेव्हा तर तो रंगात येऊन पुटपुटला, काय काम केलंय अंगावर. रेंजरसाहेबांनी वळून पाहिलं. त्यांना संशय आला असावा. कुठं दिसतोय तुम्हाला, त्यांनी हळूच विचारलं. राधाकृष्णानं मोठ्या भरवशानं एका फांदीवरच्या काळ्या गोळ्याकडं बोट केलं.

"ते मुंग्यांचं घर आहे," रेंजरसाहेब म्हणाले. "तेही बघण्यासारखंच आहे म्हणा."

शेठनी तोंडावर उपरणं दाबलं. राधाकृष्णही गालात हसला. मठ्ठ माणसानं रानात यावंच कशाला, असं त्यानं स्वतःलाच विचारलं.

पुढं ओढ्याकाठी जरा मोकळं होतं. सगळे दगडांवर टेकले होते. रेंजरसाहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, कुणी काही बोलत नव्हतं, दाखवत नव्हतं. आणि अचानक सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. डॉक्टरीणबाईंची, वकिलांची, मास्तरांची, खुद्द शेठची. सगळ्यांचे डोळे समोरच्या एकाच झाडावर लागले आणि तोंडं पोरांसारखी उघडी पडली.

राधाकृष्णानं झाडाआधी सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. आत्ता तर कुणी नाव सांगितलं नव्हतं. शेठनी फळी लावली नव्हती. आधी कुणी ठाम बोलला आणि बाकीचे त्याच्या मागं गेले, असंही झालं नव्हतं. न बोलता या सगळ्यांना एकाच जागी एकच गोष्ट कशी दिसली?

त्यानं झाडाकडं डोळे फाडून पाहिलं. पानांत पिवळीधमक चार पाखरं त्याला स्वच्छ दिसली, फांदीवरून फांदीवर जाणारी. त्याला इतका आनंद झाला की नियम विसरून तो म्हणाला, दिसली, पिवळी चार. रेंजरसाहेब उभे राहिले. निखार पक्ष्यांचा थवा होता तो. त्यांनी विचारलं, आणि लाल किती? राधाकृष्ण फांद्या धुंडाळू लागला. शेठ त्याच्या कानाशी लागून म्हणाले, अरे, निखाऱ्यासारखे पेटलेत की, समोर, पाच-सहा तरी आहेत. रेंजरसाहेब म्हणाले, पिवळ्या त्या माद्या, लाल ते नर. राधाकृष्णाला माद्या तेवढ्या दिसत होत्या. नर पानांत बुडालेले होते. एक उडाला तेव्हा काहीतरी काळपट गेलं एवढं कळलं, आणि दुसऱ्या फांदीवर बसताच ते पुन्हा पानच झालं.

डॉक्टरीणबाई त्याच्याजवळ आल्या. त्यांनी जांभळाची एक कोवळी तांबूस पालवी तोडली, तेवढंच एक हिरवं पान तोडलं आणि दोन्ही पुढं धरून विचारलं, या दोन्हींत फरक काय? राधाकृष्णानं पानं चिमटीत धरून चुरून पाहिली. हे कवळं हाय, हे निबर, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, हात न लावता सांगा. त्यानं बराच वेळ पाहिलं. सगळी मंडळी भोवती जमली होती. सवयीनं जिभेवर एक झकास वाक्य आलंही होतं, पण ते त्यानं गिळलं.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "फरक न्हाई दिसत."

बाईंनी समजावून सांगितलं. काही पुरुषांना जन्मापासूनच तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही. आजार नव्हे, औषध नाही, दृष्टीला धोकाही नाही. आईकडून येतं. आईच्या माहेरी कुणाला होतं का? राधाकृष्णाला मामा आठवला. मामा जन्मभर कच्ची बोरं खात आला, आणि सगळं गाव त्याला आंबटशौकीन म्हणून चिडवायचं.

मग त्यानं विचारलं ते ऐकून वकीलही हसले नाहीत.

"म्हंजी बाकीच्यांना खरंच दिसतं?"

बाई हो म्हणाल्या. त्यांनी आणखीही काही सांगितलं, पण राधाकृष्णाच्या कानांत ते शिरलं नाही. तो ओढ्याच्या कडेला जाऊन बसला. इतकी वर्षं जगाला आपण लबाड समजत आलो, आणि लबाड या जगात एकटाच निघाला. त्या दोघी जावा खऱ्याच भांडत होत्या. शेठ खरंच रंग बघून फळी लावत होते. आणि वडील? ते आता नव्हते. तुमचा मुलगा मठ्ठ न्हवता, त्याच्या डोळ्यांतच मिरची पिकली न्हवती, हे सांगायचं कुणाला? त्याला हसूही येत होतं आणि रडूही. आधी कोणतं बाहेर पडू द्यावं, ते त्याला ठरवता येईना.

भाकरी खायला बसले तेव्हा शेठ घास हातात धरून विचारात पडलेले दिसले. वीस वर्षांतली एकेक साडी त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावी. शेवटी त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, राधाकृष्ण, भाव तरी नीट दिसतात ना? राधाकृष्ण म्हणाला, ते अंधारातबी दिसत्यात शेठ. यावर दोघंही एवढे हसले की रेंजरसाहेबांनी तोंडावर बोट ठेवलं.

उन्हं कलल्यावर परतताना रेंजरसाहेबांनी सगळ्यांना एका डोहापाशी बसवलं. हीच प्रवरा, नेवाशाला जिच्या घाटावर धुणी धुतात ती. इथं मात्र एका ढांगेत ओलांडावी एवढी. बराच वेळ काही झालं नाही. मग झाडातून एक पाखरू खाली आलं. दुधासारखं पांढरं अंग, काळंभोर डोकं, आणि मागं हातभर लांब पांढऱ्या फिती. ते पाण्याला छाती लावून वर उठे, फिती हवेत लहरत, आणि पुन्हा खाली येई. स्वर्गीय नर्तक, रेंजरसाहेब ओठातल्या ओठात म्हणाले. ह्यात तांबडं काही नव्हतं, हिरवं काही नव्हतं. जे सगळ्यांना दिसत होतं तेच, तेवढंच, राधाकृष्णाला दिसत होतं. शेठनी कोपरानं ढोसलं, म्हणजे आता काहीतरी मजेचं बोल. राधाकृष्णानं मान वळवली नाही. पाखरू निघून गेल्यावरही तो पाण्याकडं बघत होता, आणि होडीत बसेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेठना काळजी वाटू लागली.

घरी आल्यावर त्यानं मुक्ताबाईला सगळं सांगितलं. मुंग्यांच्या घरापर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती. पुढची हकिकत ऐकून तिचं हसू थांबलं. चुलीतलं लाकूड पुढं सारत ती म्हणाली, "मंजी मी येवढी वर्सं नेसून पुढं यायची, ते समदं तुमी न बघताच सांगायचा?"

राधाकृष्णाची सगळी वाचा दुकानातच राहिली होती. "रंगाचं बोललो ते खोटं," तो म्हणाला. "खुलतं म्हनलो ते बघूनच म्हनलो."

मुक्ताबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. त्या रात्री ताट वाढताना तिनं आदळआपट केली नाही, एवढ्यावरून त्यानं समजायचं ते समजून घेतलं.

दुकानात ही गोष्ट दाबून ठेवावी, असं शेठचं म्हणणं होतं. पण वकिलांनी ती कोर्टात नेली आणि कोर्टातून ती बाजारात आली. मग राधाकृष्णानं स्वतःच ती तिखटमीठ लावून सांगायला सुरुवात केली, कारण आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्यात चव राहत नाही. बाया तुटून पडल्या. साडी घ्यायची नसली तरी येत, पदर पुढं करून विचारत, सांगा भाऊ, हा कोणता? तो छातीवर हात ठेवून पांढरा म्हणून सांगे आणि दुकानात हशा पिके. शेठनी त्याला रंगीत मालावरून काढून धोतरं, उपरणी, मांजरपाट या बाजूला बसवलं. तिथं त्याला कळलं की पांढऱ्यातसुद्धा दूध वेगळं, मोतिया वेगळा आणि बगळा वेगळा असतो, आणि हे सगळं त्याला इतरांपेक्षा कमी दिसत नाही. तरी माणसाला गर्व होऊ नये म्हणून त्यानं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कडूबाई आली. ती राधाकृष्णाच्या लग्नाआधीपासूनची गिऱ्हाईक, आता पाठीतून वाकलेली. रंगीत मालावरचा नवा माणूस पुढं झाला, तर त्याला बाजूला सारून ती काठी टेकत पांढऱ्या कापडांपाशी आली आणि राधाकृष्णापुढं फतकल मारून बसली. लुगडं दाखव म्हणाली. राधाकृष्णानं तिला झालं ते सगळं सांगितलं. मावशे, मला रंग कळत न्हाई, आता माझ्यावर नको विसंबू, असं हात जोडून सांगितलं.

कडूबाईनं आपला चेहरा त्याच्या अगदी जवळ आणला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दाटला होता.

"मला तरी कुठं दिसतंय आता," ती म्हणाली. "तू हात लावून सांग, धुतल्यावर टिकंल का न्हाई."

राधाकृष्ण उठला. त्यानं नव्या माणसाकडून चार लुगडी मागून घेतली, कडूबाईच्या मांडीवर पसरली, आणि तिचं खरबरीत बोट धरून पहिल्याच्या काठावर ठेवलं.